तारण कितव्या पानावर?

आमच्या वसईच्या ख्रिस्ती आळीत ईस्टरआधीच्या उपवासकाळात आजाऱ्याच्या उशाशी धर्मग्रंथ वाचतात, आणि एक पानही गाळायचं नाही, असा म्हाताऱ्यांचा हट्ट. इनासकाका शेवटच्या आजारात होते. त्यांना धास्ती एकच: तारणाचं, म्हणजे देव आत्म्याला कसा वाचवतो ते, ऐकण्याआधीच डोळे मिटले तर?

म्हणून मी चार दिवस वाचत होतो. मध्ययुगातल्या कुणा मठवाशाचं मराठीत आणलेलं पुस्तक, वजनाला पाट्याएवढं. आणि हा बाबा माणसाला नुसता झोडपत होता! तू किडा, तू माती, तुझं शरीर म्हणजे घाणीचं पोतं! ऐकून भिंतीवरची पालसुद्धा पश्चात्तापाने घर सोडून गेली.

समोर रोझाकाकू त्याच पोत्याला कोमट पाण्याने पुसत होत्या, कानामागे पावडर लावत होत्या.

पुढची पानं चाळली आणि माझं डोकं सणकलं. गारठलेल्या खोलीत एकट्याने लिहिणाऱ्या या माणसाची पाठ कधी कुणी चोळलीच नसेल का? दुःख त्याने स्वतः भोगलेलं, म्हणून त्याला तीनशे पानं. तारण नुसतं ऐकीव, म्हणून त्याला शेवटचं अर्धं पान!

"बाळा, तारण कितव्या पानावर आहे रे?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

रीत गेली खड्ड्यात! मी थेट शेवटचं पान उघडलं आणि वाचलं: शेवटी कुणीतरी येतो, तुझं मळलेलं वस्त्र उतरवतो आणि तुला स्वच्छ वस्त्र घालतो.

काकू धुतलेल्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. काका त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

"एवढंच?" ते म्हणाले. "रोझा, मी उगाच घाबरत होतो गं."