उभ्या मामांची फसफस

माझ्या धाकट्या मामांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. एसटीत बसत असतील, माणूसच होते ते. पण घरात कुणी खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि बोलता बोलता ती खुर्चीच पुसायला घ्यायचे. जेवायचे तेही ओट्याला टेकून, ताट हातात धरून. पाणी पिऊन खाली ठेवलेला पेला कुणी दुसऱ्यांदा उचलायच्या आत तो धुऊन, पुसून, उजेडाला धरून पाहिलेला असायचा. आम्ही भाचरं त्यांना ‘उभे मामा’ म्हणायचो. मोठ्या मामी त्यांच्या मागे फिरून दमायच्या आणि म्हणायच्या, “भाऊजी, तुमच्याकडं बघूनच माझे पाय दुखायलेत.”

आमचं आजोळ बीडजवळच्या पालीचं. धरणाच्या खालच्या अंगाला शेती. थोरल्या मामांना सारं गाव अण्णा म्हणतं. अण्णा राजकारणातले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, दारात सदा माणसं. धाकटे मात्र विशीतच गोव्याला गेले आणि एका मोठ्या हॉटेलात बारच्या मागे उभे राहिले, ते केस पांढरे होईपर्यंत. तिथे बसायची सोय नसते. अण्णा लोकांना सांगत, “धाकटा हॉटेल लाइनमधी हाय,” आणि लगेच पावसापाण्यावर येत. मामांचं लग्न जमलं नाही. बारवाल्याला पोरगी कोण देणार?

आणि गंमत अशी, की मामांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. “मी पाजतो, पीत न्हाई,” असं ते सांगायचे आणि वर म्हणायचे, “हलवाई काय पेढ्याचं जेवण करतो का?” ऐकणारा हसायचा, मान डोलवायचा आणि पाठ फिरली की दुसऱ्याला डोळा मारायचा. मामांना ते कळत होतं. दोन दिवस गावात राहिले की तिसऱ्या दिवशी त्यांची पिशवी भरलेली दिसायची.

तरी रंगपंचमीला मात्र ते न चुकता यायचे. नाशिककडच्या फेसाळ वाइनच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून आणायचे, बीडहून बर्फाची लादी मागवायचे आणि मळ्यातल्या शेडमध्ये आम्हा घरच्यांसाठी एक पेय करायचे. गोव्यात त्याला काहीतरी झुळझुळीत नाव होतं. मामींनी त्याचं नाव ‘फसफस’ ठेवलं आणि तेच राहिलं. खरबुजाचे बारीक तुकडे, काळी द्राक्षं अर्धी चिरून, मोसंबीचा रस, चमचाभर मध, पुदिन्याची दोन पानं. “आधी फळ, मग रस, फेस शेवटी,” मामा बजावायचे. “आन् फेसावर काई टाकायचं न्हाई.” न पिणाऱ्यांसाठी तेच सगळं सोड्यात. मामा गेले, त्यालाही आता दोन उन्हाळे झाले. पण बाजारात खरबुजं दिसायला लागली की माझा जीव अजून थाऱ्यावर राहत नाही.

बाटली उघडताना ते बूच फिरवत नसत. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, हळूहळू. शेवटी नुसता सुस्कारा यायचा. “आवाज झाला की समजायचं, बारवाला कच्चा हाय.” मग गिलास कलता धरून बारीक धार. तेवढ्यापुरता तो माणूस शांत व्हायचा. एरवी पाऱ्यासारखी निसटणारी नजर त्या धारेवर खिळायची. ते पाहून मला बरं वाटायचं, आणि ओतून झालं की मामा पुन्हा टेबल पुसत सुटणार म्हणून वाईटही वाटायचं.

एका वर्षी मामींना वाटलं, खरबूज आहे, मोसंबी आहे आणि मीठ कसं नाही? आपल्याकडे फळाला मीठ लावल्याशिवाय चव येते का? मामा बर्फ फोडायला वळले, तेवढ्यात मामींनी भरलेल्या सगळ्या गिलासांत चिमूट चिमूट काळं मीठ टाकलं. सगळे गिलास एकदम उतू गेले. फेस टेबलावरून खाली, खालून मामींच्या नव्या लुगड्यावर. मामा धावत आले, बघत राहिले आणि म्हणाले, “वैनी, गोव्यात एवढी वर्षं काढली, पण असं कुणाला सुचलं न्हाई.” पुढची कित्येक वर्षं मीठ म्हटलं की मामी विषय बदलायच्या.

या सगळ्यात अण्णा कुठे असायचे? मळ्याच्या फाटकाबाहेर. तिथे बाज टाकून दिवसभर बसायचे, रंग लावायला येणाऱ्यांना तिथेच चहा पाजून वाटेला लावायचे. आत काय चाललंय ते गावाला दिसू नये, ही त्यांची पहारेदारी. एक घोटही पिऊ नये, पण मी ओततो ते अण्णांनी एकदा समोर बसून बघावं, एवढीच मामांची इच्छा होती. ती त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती, भावाजवळ कधी नाही.

मामा नोकरी सोडून कायमचे पालीला आले, ते उजव्या हाताला कंप सुटलेला असतानाच. गावाला दुसरं काय हवं होतं? “पिऊन पिऊन झालंय हे,” असं पारावर ठरून गेलं. वाईट याचं की अण्णाही तेच बोलू लागले. आधी माघारी, मग तोंडावर. मामांची येरझार वाढली. पहाटे उठून धरणापर्यंत चालत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मीच त्यांना बीडला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. परतताना मी म्हटलं, “मामा, आज अण्णांना सांगून टाकते.”

“न्हाई सांगायचं,” ते म्हणाले. “अण्णांनी माझ्याकडं बघून वळकावं. डॉक्टरला मधी घालून पटवायचं असंल, तर तो भाऊ कशाला?”

मला राग आला. असला कसला मान? पण त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं आणि मी ते पाळलं. उठता बसता जीभ शिवशिवायची.

त्या फाल्गुनात अण्णांची लेक शीतल नवऱ्याला घेऊन रंगपंचमीला आली. तिने बापाचा हात धरून ओढत मळ्यात आणलं. “अण्णा, अवंदा जावई आलेत. अवंदा तुमी आत बसायचं.” लेकीपुढे अण्णांचं चाललं नाही. फाटकावर कुणी राहिलं नाही. मामांनी फळं माझ्याकडून चिरून घेतली, रस घातला आणि बाटली हातात घेतली. अण्णा समोरच बसले होते. मामांचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता आणि बाटलीतली वाइन त्या हातात घुसळून निघत होती. मी पुढे होणार, तेवढ्यात फटाका वाजावा तसा आवाज झाला. बूच पत्र्यावर आपटलं, फेस मामांच्या सदऱ्यावर आणि टेबलभर.

अण्णा ताडकन उठले. “सकाळी सकाळीच घेतली का बे? जावयापुढं तरी लाज ठिव.” त्यांनी एका हाताने बाटली हिसकून घेतली आणि दुसऱ्याने मामांचं मनगट गच्च धरलं.

आणि तसेच थांबले. त्यांच्या मुठीतही तो हात थरथरत होता. शेवटच्या वर्षांत आजोबांचा, म्हणजे बापूंचा, हात असाच कापायचा, आणि तेव्हा त्यांना घास भरवला होता तो अण्णांनी. मामा तेव्हा गोव्यात होते.

“बापूवानी हाय हे,” अण्णा हळू म्हणाले.

“व्हय.”

“कवापासून?”

“गोव्यातच सुरू झालतं.”

“मग मला कावून न्हाई बोललास?”

“तुमी इचारलंच न्हाई, अण्णा. तुमी सांगतच गेलात.”

एवढ्यात आवाज ऐकून रंग घेऊन आलेली गावातली चार-पाच माणसं थेट शेडपर्यंत आली. पुढच्याने अण्णांच्या हातातली बाटली पाहिली आणि त्याचा गुलालाचा हात तसाच राहिला. “अण्णा, तुमी?”

 बाटली टेबलाखाली ठेवायला अण्णांना क्षण लागला नसता. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

“धाकट्याचा हात आजारी हाय,” ते त्या माणसांना म्हणाले. “आमच्या बापूंचा व्हता तसाच. त्यानं आजवर थेंब घेतला न्हाई. गावात उलटं बोलत फिरलो तो मी.” मग मामांकडे वळून त्यांनी एक गिलास उचलला. “सांग, किती कलता धरू?”

 मामांनी कापत्या हाताने अण्णांचं मनगट थोडं खाली दाबलं, आणि अण्णा गावाच्या देखत ओतू लागले.