पाठीला पाठ लावलेले दोन मॉनिटर

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी चपला घालून दाराशी उभा होतो. दुपारचा चहा झाला की मनीषनगरहून निघायचं आणि बेस्याला यशवंतकडे वाचायला जाऊन बसायचं, हे आमचं ठरलेलं होतं. स्नेहल म्हणजे त्याची सून. "काका, आज येऊ नका," ती म्हणाली. "म्हणजे... या. बाबा गेले." मी विचारलं, "कुठे?"

असं का विचारलं, मला अजून कळत नाही. ती लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "सकाळी छातीत दुखून राहिलं म्हणाले, काका. दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच..." मी चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि निघालो. पिशवीत चष्मा होता, तोही नेहमीसारखा बरोबर घेतला.

यशवंत आणि मी एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, तो ग्रंथालयात होता. तेव्हा त्याचं घर कामठीला, वडील यंत्रमागावर. शेअर ऑटोत दाटीवाटीने बसून तो यायचा तेव्हा मांडीवर कुठला ना कुठला अंक उघडा असायचा. दिवाळी अंक ग्रंथालयात दाखल होण्याआधी त्याच्या नजरेखालून गेलेले असत. "तुमच्यासाठी ठेवतो, पण आधी मी," असं तो स्पष्ट सांगायचा. मला तो मास्तर म्हणत असे. माझ्या बायकोलाही माझ्याबद्दल विचारताना "मास्तर आहे का वहिनी?" असंच.

निवृत्तीनंतर त्याची नजर अधू होत गेली. सगळी नाही, मधली. "अक्षराकडे पाह्यलं का अक्षरच जाते गा," तो सांगायचा, "अन् बाजूची भिंत बरोबर दिसते. भिंत वाचू का आता मी?" मुलगा नोकरीनिमित्त बहुतेक बाहेरच. त्याने एक छोटा टॅब्लेट आणून दिला होता, शाळेच्या वहीएवढा. त्यात आमच्या तरुणपणातले दिवाळी अंक पानापानाचे फोटो काढून भरलेले. यशवंत हरखला. पण अक्षर त्याला दिसेल एवढं मोठं केलं की त्या इवल्या पडद्यावर चारच शब्द मावत. मग त्याने ठरवलं, याला बाहेरून मोठा मॉनिटर जोडायचा. एक नव्हे, दोन. घरात जुने दोन पडून होते, एक चौकोनी आणि एक लांबट.

आम्ही सीताबर्डीवर गेलो. त्या टॅब्लेटला एकच भोक, चार्जिंगचं. दुकानदाराने एक छोटी जोडणी दिली, ती लावल्यावर चित्र आलं पण चार्जिंग बंद. कथा ऐन रंगात आली आणि टॅब्लेटच विझला. पुन्हा बर्डी. या वेळी दुकानदाराने बरीच भोकं असलेली एक डबी काढली आणि आमच्याकडे पाहत राहिला. "काकाजी, इतक्याशा टॅबले दोन दोन मॉनिटर? काय शेअर मार्केट करता का?"

"नाही गा," यशवंत गंभीरपणे म्हणाला, "कथा वाचतो."

"मग टीव्हीले लावा ना एकच!"

"टीव्हीपुढे दोघांचीही तोंडं एकाच दिशेले. बोलाचं कोणाशी मग?"

त्याचं म्हणणं खरंच तेवढं होतं. ग्रंथालयाच्या लांब टेबलावर आम्ही वर्षानुवर्षं समोरासमोर बसून वाचलं होतं, आताही तसंच बसायचं. मॉनिटर टेबलाच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून ठेवले. लांबट माझ्याकडे, चौकोनी त्याच्याकडे. सुरुवातीला पान फक्त एकावरच यायचं. मी टॅब्लेटला बोट लावलं तर पान माझ्या मॉनिटरवरून सरकत त्याच्या मॉनिटरवर निघून गेलं आणि माझ्याकडे नुसतं निळं आभाळ उरलं. "चोरलं काय गा माझं पान?" मी ओरडलो. तो हसून हसून खोकला. स्नेहलने येऊन दोन्हीकडे एकच चित्र दिसेल असं करून दिलं, तेव्हा आमचं वाचन सुरू झालं. मी मोठ्याने वाचायचो, तो त्याच्या पडद्यावर बरोबरीने डोळे फिरवायचा. माझ्या बाजूने मला त्याचं कपाळ आणि विरळ केस दिसत. त्याचा पडदा मला कधी दिसायचा नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं.

यशवंतच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी स्नेहलने बोलावलं. "अर्धी कथा राहिली ना काका, ती वाचून घ्या. मग टॅब तुम्हीच ठेवा." मी माझ्या जागेवर बसलो. तिने बटण दाबलं, माझा मॉनिटर उजळला, पान तेच होतं. सगळं नीट जोडलंय का ते पाहावं म्हणून मी टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो. त्याचा मॉनिटर काळा होता. वायर मागे जमिनीवर लोंबत होती.

"स्ट्रेचरसाठी टेबल सरकवलं होतं त्या दिवशी," स्नेहल म्हणाली, "तेव्हाच निघाली असंन." मग जरा विचार करून म्हणाली, "पण बाबा मध्ये म्हणत होते खरं, का त्या उजेडानं डोळे चुरचुरतात म्हणून. कोण जाणे..."

वायरच्या टोकावर धूळ होती. पण त्यांच्या घरासमोर बांधकाम चालू आहे. बेस्यात सकाळी पुसलेलं संध्याकाळी पुन्हा पुसावं लागतं. धुळीवरून काय ठरवणार?

तेव्हापासून मी तेवढंच मनात घोळवत बसलो आहे. तो माझ्याबरोबर वाचत होता, की काळ्या पडद्यासमोर बसून नुसता ऐकत होता? आणि ऐकत असेल तर कधीपासून? मी एखादी ओळ गाळली की तो लगेच म्हणायचा, "मास्तर, वरचं राहिलं." म्हणजे त्याला दिसत होतं. पण वाक्य तुटलं की ऐकणाऱ्यालाही कळतंच. एकदा विनोदाची ओळ मी वाचण्याआधीच तो फसकन हसला होता, म्हणजे नजर माझ्यापुढे होती. पण ते अंक त्याने त्या काळी ऑटोत बसून वाचलेले. कधी कधी तो पडद्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बसायचा. मला वाटायचं, आज कंटाळला. त्याला नजरेच्या कडेनेच दिसायचं, हे मला ठाऊक असूनही तसं वाटायचं. मग तो तेव्हा काय पाहत होता, पान की खिडकी? दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी उगाच सावकाश, सांभाळून वाचायला लागलो असतो, हे त्याने ओळखलं असेल का? की यातलं काहीच नाही, वायर त्याच सकाळी निघाली आणि मी विनाकारण एक कोडं घालून घेतलंय?... रोज एक उत्तर पटतं आणि दुसऱ्या दिवशी तेच पटेनासं होतं.

त्या दिवशी स्नेहलने वायर लावली. चौकोनी मॉनिटर थोडा लुकलुकला आणि पान आलं. म्हणजे तो बिघडलेला नव्हता, एवढंच कळलं. मी माझ्या जागेवर येऊन वाचायला लागलो. ती त्याच्या खुर्चीवर बसली, कारण टॅब्लेट त्या बाजूला असतो आणि पान तिथूनच उलटावं लागतं. माझ्याकडून मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. मी पानाच्या तळाशी आलो, शेवटची ओळ वाचली आणि थांबलो. पान तिथेच राहिलं.

"काका, पलटवू?"

"हो."

पुढच्या पानाला तिने घाई केली. दोन ओळी अजून बाकी होत्या. "अगं बाई! सॉरी काका," ती पडद्याआडून म्हणाली, "मले समजतच नाही. बाबाले तुम्ही केव्हा सांगत होते, पलटवा म्हणून?"

मी आठवून पाहिलं. खूप वेळ आठवून पाहिलं. मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. माझा शेवटचा शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच नवं पान समोर असायचं. त्यासाठी डोळे लागतात की कान, हे मला तेव्हाही कळलं नसतं आणि आताही कळत नाही.

"सांगत नव्हतो," मी म्हणालो. "तुला सांगत जाईन."

तिने पान मागे आणलं. राहिलेल्या दोन ओळी मी वाचल्या, आणि मग म्हणालो, "हं."