ढवळे साहेबांनी न पाहिलेला सामना

श्री. नारायणराव ढवळे साहेबांची आणि माझी पहिली गाठ आमच्या सहकारी सूतगिरणीच्या फाटकावर पडली. मी उशिरा पोचलो होतो. हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "काल मैदानावर आपल्याच गड्याला शिव्या देणारे तुमीच ना?" मी मान खाली घातली. त्याच आठवड्यात ते गिरणीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर झाले.

तो संघ घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. गेवराईच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरायचो. मी कॅप्टन होतो, पण फक्त माझ्या, सूत कातणाऱ्या रिंगफ्रेम खात्यातल्या गड्यांचा. कापूस पिंजणाऱ्या ब्लोरूमवाल्यांना आम्ही पास देत नसू, ते आम्हाला देत नसत. त्यात दुष्काळ. कापूस येईना, गिरणी एका पाळीवर आली. उद्या काम असेल की नाही, ही धाकधूक घेऊन माणसं मैदानावर यायची आणि एकमेकांवर राग काढायची.

साहेब पहिला आठवडा मैदानाच्या रेषेच्या कडेनं नुसत्या येरझारा घालत राहिले. मग त्यांनी फर्मान काढलं: सरावाला दोघांनी एका सायकलवर यायचं, आणि जोड्या ते ठरवणार. माझ्या वाट्याला ब्लोरूमचे सलीमभाई आले.

"ह्यांना मी काऊन वढू?" मी तणतणलो.

"नका वढू," साहेब म्हणाले. "चढाला ते पायडल मारतील. तुमी मागं बसा."

चार दिवस आम्ही दोघं मुके. पाचव्या दिवशी चेन पडली, ती बसवताना बोलावंच लागलं. महिन्याभरात मैदानावरही बोलू लागलो. त्या वर्षी आम्ही अंतिम फेरीत पोचलो.

सामना रविवारी दुपारी होता, आणि वसाहतीत पाण्याचा टँकर यायचा तोही रविवारी दुपारीच. चुकला तर पुढचे चार दिवस कोरडे. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. सलीमभाईंच्या घरी आई अंथरुणाला खिळलेल्या. एकेक जण साहेबांना येऊन सांगू लागला, "मला जमायचं न्हाई."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पाणी मी भरतो. तुमी जा."

"साहेब, तुमच्याबिगर?"

"खेळणार तुमी का मी?"

गेवराईत मध्यंतराला आम्ही एका गोलनं मागं होतो. सगळ्यांची नजर सारखी साहेबांच्या येरझारांवाचून रिकाम्या रेषेकडं जात होती. माझ्या तोंडी शिवी आली होती. सलीमभाईंनी खांद्यावर हात ठेवला. "लई वरडू नका. बॉल माझ्याकडं टाका." मी टाकला. दोन गोल झाले, दोन्ही त्यांचेच.

आम्ही जिंकलो, पण परतीच्या टेंपोत कुणी धड नाचलं नाही. टँकर आला असेल का, एवढंच प्रत्येक जण विचारत होता. वसाहतीत शिरलो तर आमच्या प्रत्येक दारातलं पिंप काठोकाठ भरलेलं. साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत ओली, तळहातांना फोड आलेले. त्यांनी निकाल विचारलाच नाही. "सलीम, गुडघा दुखला का?" टेंपोतून लंगडत उतरणाऱ्या सलीमभाईंना एवढंच म्हणाले.

ढाल दाखवायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो, तेव्हा वहिनी रिकामा हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. आमची पिंपं भरता भरता टँकर संपला होता. साहेबांचं एकट्याचं पिंप कोरडं होतं.

पाच मिनिटांत आमच्या अकराही घरांतून तांबे, घागरी आल्या. साहेब ओशाळून "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिले. पुढं गिरणी बंद पडली, आम्ही पांगलो. पण ते कोरडं पिंप आजही मला स्वस्थ बसू देत नाही. आम्ही जिंकत होतो, तेव्हा साहेबांच्या घरी काय चाललंय, हा विचार आमच्यातल्या एकालाही शिवला नव्हता.

आज साहेब पंचाहत्तरीत आहेत. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, वहिनींसह त्यांना शंभर वर्षं सुखानं पाहायला मिळोत. आणि एक मागणं मी त्यांच्याकडेच करतो: साहेब, आता तरी स्वतःसाठी काही मागा. आम्ही अकराही जण, कुठंही असलो तरी, तुमच्या हाकेसरशी येऊ.