रुमाल कोणी सोडला

रुमाल हातात आला की मावशी त्यावरची चिठ्ठी आधी वाचत नसत. अंगठ्याने गाठ चाचपायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "माजीच हाय." मग सोडायच्या.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. सरकारी कार्यालयांत जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात, तो. जमिनीच्या नकलेसाठी खेटे घातले असतील तर तुम्हीही तो पाहिला असेल, आणि तो काढून देणारी अशी एखादी शिपाईबाईसुद्धा. रत्नागिरीच्या आमच्या कार्यालयात सगळे त्यांना मावशीच म्हणत.

त्यांचं माहेर जाळी विणणाऱ्यांचं. "जाल्यावर कोनाचा हात फिरला ता गाठीवरनां समजतं," असं त्या सांगायच्या. संशय मात्र माहेरचा नसावा, तो त्यांनी नोकरीत कमावला होता. चहावाला अभिलेख कक्षाच्या दारात रेंगाळला की त्या दार लोटून घ्यायच्या. साहेबांनी कागद मागितला तर साहेबांचीही सही घ्यायच्या. अशी ताकसुद्धा फुंकून पिणारी बाई, आणि नेमकं तिच्याच खोलीत स्कॅनिंगचं मशीन आलं.

मी तिथला कारकून. मुंबईला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो आणि तेवढ्यात मला सगळं कळलं होतं. पहिला कागद मशीनमध्ये गेला, बाहेर आला. मावशी बघत होत्या.

"कागद तर परत दिलान. मग आत ठेवलान काय?"

"फोटो, मावशी. तो मुंबईच्या सर्व्हरवर जातो."

"मुंबईला गेलेला मानूस परत येत नाय, भाऊसाहेब. कागद येल?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "ह्याच्यात गेला की त्योच खरा धरनार ना? मग घालायच्या आधी बगून घाला." हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

नियम साधा होता. रुमाल मावशींनी सोडायचा, दुसरा माणूस हजर हवा, नोंदवहीत दोघांच्या सह्या हव्यात. पण मुंबईहून रोज पानांचा आकडा मागत, आणि मावशींच्या हातून दिवसाला चार रुमाल सुटत नसत. माझी पदोन्नतीची फाईल वर गेलेली. आकडा कमी दिसला की साहेब माझ्याकडे बघायचे.

एका शनिवारी, कार्यालय बंद असताना, मी आलो. कक्षाची दुसरी किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असे, कोणीही घ्यावी अशी. मी एक रुमाल सोडला, टाचण्या काढल्या, दुमडलेली पानं सरळ केली आणि पुन्हा बांधून ठेवला. सोमवारी काम भराभर होईल, एवढाच हेतू. नोंदवहीत काही लिहिलं नाही.

सोमवारी मावशींचा अंगठा गाठीवर थांबला तो थांबलाच.

"ही गाठ माजी नाय. ह्यो रुमाल कोनी सोडलान?"

माझं नशीब असं, की तो रुमाल नेमका भावकीचा वाद चालू असलेल्या गावाचा निघाला. साहेब खाली आले. मशीन बंद झालं. आम्हां सगळ्यांना ओळीत उभं करून त्यांनी विचारलं, "कोणी उघडला होता?" मी माझ्या चपलांकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

मग चार दिवस जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिला. मशीनबरोबर कामाला आलेल्या स्कॅनिंगवाल्या पोरांच्या पिशव्या तपासल्या. चहावाल्याला फाटकाशीच अडवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं चाललं होतं. मावशी बोलताना थांबल्या तरी वाटे, आता माझं नाव घेतील. शेवटी पानं मोजली. सगळी जागच्या जागी होती.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि राग मावशींवर काढला. "तुमच्या संशयापायी चार दिवस फुकट गेले. तुम्हाला हे मशीन नकोच आहे." आठवडाभरात मावशींची दापोलीच्या कार्यालयात बदली झाली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, घर इथे बंदरावर, आणि दापोलीला रेल्वे नाही, एसटीचे सगळे हाल. कार्यमुक्तीचा आदेश मीच टाईप केला.

निघायच्या दिवशी त्यांची पिशवी घेऊन मी स्टँडवर गेलो. दुसरं काय करणार होतो? गाडी लागली. पिशवी माझ्या हातातून घेताना त्या म्हणाल्या, "गाठ डाव्या हाताची होती, भाऊसाहेब. हापिसात डाव्या हातान लिवनारे तुमी एकटेच."

मी विचारलं, "मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"कागद मी त्याच दिशी मोजले. पुरे होते. साहेबांनी माजी मोजनी धरली नाय. मग तुमचा नाव कशाला घेऊ?" त्या पायरी चढल्या, वळल्या. "आनि तुमी सांगशाल, असा वाटला."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईने एकाच माणसावर विश्वास टाकला होता, आणि तो मी निघालो.

गाडी सुटल्यावर मी तडक कार्यालयात आलो. जिना चढेपर्यंत वाक्य तयार होतं. साहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मान वर केली.

"काय हो, काही काम होतं?"

"नाही," मी म्हणालो, "सहज."