कारण लिहायचा रकाना

आधीच सांगून टाकतो... आमच्या घरात भूतप्रेत, अंगात येणं, नजर लागणं यातलं काहीही चालत नाही. बाबा भंडाऱ्याहून भिलाईला नोकरीला आले तेव्हा सोबत एक ट्रंक आणि बाबासाहेबांचा फोटो होता. "पुरावा दाखव, मंग मानतो," हे त्यांचं बोलणं ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय.

मी जामुल रोडवरच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. वीस वर्षं हातात पाना. सुपरवायझर व्हायचं तर लीडरशिप-मॅनेजमेंटचा सर्टिफिकेट कोर्स लागतो म्हणाले, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी दर रविवारी दुर्गला क्लासला जायला लागलो. पुस्तकी भाग कसाबसा जमला. शेवटी प्रॅक्टिकल — मी टीमला सकाळचं काम वाटून द्यायचं, आणि असेसर मॅडम बाजूला उभ्या राहून माझं बोलणं लिहून घेणार.

सकाळचे आठ वाजले होते. शेडमध्ये चौघं समोर उभे. मी इतका घाबरलो होतो की नजर कागदावरून हलत नव्हती. कागदावर होतं, 'सुखदेव — वर, क्रेनच्या रुळांना ग्रीस.' वर म्हणजे तीसेक फूट. ती ओळ वाचायला तोंड उघडलं, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते हे, की सगळे माझ्याकडे बघताहेत. सुखदेवनं सेफ्टी बेल्ट काढला आणि बाकावर जाऊन बसला. मला वाटलं, काहीतरी चुकलं आपलं... तसाच पुढचं वाचत गेलो.

दहा मिनिटांत सुखदेव बाकावरून खाली पडला. अंग ताठ, तोंडाला फेस. आयुष्यातला पहिला झटका. दवाखान्यात तपासण्या झाल्या, मेंदूत बारीक गाठ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. वर असता तर... त्या दिवशी प्रत्येकानं एकदा तरी मान वर करून क्रेनकडे पाहिलं.

आणि सगळे म्हणाले, तूच तर त्याला थांबवलंस!

कोर्सच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता — 'तुम्ही कोणता निर्णय घेतला आणि का?' मला तर काहीच आठवत नव्हतं. म्हणून आमच्या टीममधल्या जुन्या फिटरला, देवरावभाऊंना विचारलं.

"अरे, तूच बोलला ना! 'सुखदेव, आज वर चढू नको गा.' मराठीत बोलला मनून तर मी चमकलो. कामावर तू हिंदीच बोलतं ना बाबू."

मग सुखदेवला भेटायला अहिवाऱ्याला त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर उठून बसला.

"मराठी?" तो हसला. "नइ भैया. तैं छत्तीसगढ़ी म केहेस — 'सुखदेव, आज ऊपर झन चढ़बे.' मोर दाई असन." म्हणजे, त्याच्या आईसारखं.

"पर तोला कुछु होवत रिहिस का?" तेव्हा त्याला काही होत होतं का, ते मी विचारलं.

"कुछु नइ. बने रेहेंव." काहीच नाही, चांगला होतो म्हणाला.

परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि मॅडमना फोन केला. त्यांनी आपल्या कागदावरचं वाचून दाखवलं. 'सुखदेव, आज ऊपर मत चढ़ना.'

"हिंदी में ही तो बोले थे आप, सर. मैंने उसी वक्त लिखा है."

त्या सकाळी शेडमध्ये हे तिघं एकमेकांपासून चार पावलांवर उभे होते.

घरी बायको म्हणाली, "लिवून द्या ना, त्याचा चेहरा उतरला होता मनून. कोनाचं नुकसान होऊन राहिलं?"

"पण मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं."

"मंग काय लिवता?"

दोन दिवस फॉर्म टेबलावर पडून होता. शेवटी लिहिलं, 'मी असं बोललो, असं सगळे सांगतात. मला आठवत नाही. कारण माहीत नाही.' अपेक्षेप्रमाणे फॉर्म परत आला. कारणाशिवाय निर्णय धरता येत नाही, असा शेरा होता. महिन्याभरानं प्रॅक्टिकल पुन्हा दिलं, साधं, कागदावर होतं तसंच, आणि पास झालो. आज मी सुपरवायझर आहे.

मी स्वतःला समजावून पाहिलंय. डोळ्याच्या कोपऱ्यातून काही दिसलं असेल... घाबरल्यामुळे विसरलो असेन... माणसांना आपापल्या भाषेत आठवत असेल. पण मॅडमनी तर तिथल्या तिथे लिहिलं होतं. आणि देवरावभाऊ अजूनही मराठीवरच ठाम आहेत.

सुखदेव आता खालचीच कामं करतो. त्याची बायको बाजारात कधी भेटली की पदर सावरून, हात जोडून वाकते. "तुमन बचा लेव, भैया." मी नको नको म्हणतो, ती ऐकत नाही. तो नमस्कार माझा नाही, एवढं मला नक्की कळतं. कुणाचा आहे... ते कळलं असतं, तर तो रकाना मी तेव्हाच भरला असता.