नणंदेचा निळा कोट

गावात बायकांचा पहिला बॅन्ड उभा राहिला, तेव्हा बारा जणींचे कोट शिवायचं काम आपसूकच शिंपिणीकडे आलं. ती स्वतः बॅन्डमध्ये बासरी वाजवायची आणि तिची थोरली नणंद मोठा ढोल. नणंद इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. अंगाने भरदार, आणि हात असा की ढोलावर पडला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

गिरणीने निळं कापड दिलं, तेही मोजूनमापून. बेतता बेतता शिंपिणीला वाटलं, शिवणारीचा कोट जरा उठून दिसायला नको? उभी कॉलर हवी, खिशांना झाकणं हवीत. त्यासाठी तिने नणंदेच्या कोटातलं कापड काढलं. शिवणीला आत इंचभर सोडायचं, तिथे दोरा जेमतेम धरेल एवढंच ठेवलं आणि वरून कडक इस्त्री फिरवली.

बायका बाजा वाजवणार म्हणून लोक आधीच दात काढायला टपले होते. पहिल्याच मिरवणुकीत, भर चौकात नणंदेने ढोलावर हात उगारला आणि कोट मानेपासून कमरेपर्यंत उसवला. एकच हशा पिकला. नणंदेच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या, पण ठेका चुकला नाही. मागून चालणाऱ्या शिंपिणीच्या बासरीतून मात्र नुसती हवा येत होती.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, माझंच अंग सुटलंय. शिंपिणीने मान डोलावली.

तीस वर्षांनी शाळेतल्या एक बाई बॅन्डचा इतिहास लिहायला घेतला म्हणून घरी आल्या. नणंदेने तो किस्सा स्वतःवरच विनोद करत रंगवून सांगितला. बाई पोट धरून हसल्या. शिंपिणीला ते ऐकवेना.

"वन्सं, तुमचं अंग सुटलं नव्हतं. कापड मी मारलं होतं. माझ्या कॉलरीसाठी."

नणंदेने कप खाली ठेवला. "ठाऊक आहे मला. उसवलेलं नंतर मीच नाही का जोडलं? जन्म गेला कपडे उलटसुलट करण्यात, शिवण कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तूच सांगशील असं वाटलं. आज सांगशील, उद्या सांगशील. मग वाट बघायचं सोडून दिलं."

शिंपिणीने बाईंना बजावलं, घडलं तसंच लिहा. पण पुस्तक हातात आलं, तर त्यात एवढंच: कापड अपुरं पडल्याने एक कोट तोकडा झाला होता. बाईंनी सांगितलं, नणंद दोनदा शाळेत येऊन ते बदलायला लावून गेली. खरं ते सांगून टाकायला शिंपिणीला अजूनही वेळ होता. ती काही बोलली नाही.

प्रकाशनाला गणवेश शिवणारीला मंचावर बोलावलं. ती गेली. नणंद पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, आणि त्या थांबेपर्यंत शिंपिणीने चपलांच्या टोकांवरून नजर वर उचलली नाही.