खोकल्याच्या औषधाला अकरा माणसं

त्या डॉक्टरांचा विषय निघाला की आजही माझं तोंड कडू होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही तितकीच किळस येते.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. एक दिवस पेठेतल्या एका बड्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. मागावर काम करणाऱ्यांच्या जुनाट खोकल्यावर कुठल्याशा कंपनीचं नवं औषध आलं होतं, माणसांना अजून फारसं दिलेलं नव्हतं. ते किती जणांना देऊन बघायचं, तो आकडा मी काढायचा होता. अहवालावर माझंही नाव येणार म्हटल्यावर मी हुरळलो. आठवडाभर खपून कागद तयार केला. आधी तिघांना थोडं औषध, मग पंधरा दिवस थांबून रक्ताची तपासणी. कुणाला बाधलं नाही तरच पुढचे तिघे, जरा वाढीव डोसावर. गुण येतो का ते त्यानंतर बघायचं, आणि त्याला माणसं बरीच जास्त लागतील.

डॉक्टरांनी कागद धड वाचलासुद्धा नाही.

"एवढा खटाटोप कशाला हो? अकरा घ्या. देवाला तोरण बांधतो ते अकरा नारळांचंच की! शुभ आकडा."

आणि अकराही जणांना एकाच दिवसापासून पूर्ण डोस. शी! माणसं होती ती, नारळ नव्हते. पण मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

तिसऱ्या आठवड्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईचे डोळे पिवळेजर्द झाले. अन्न जाईना, अंगाला नुसती खाज. मी नोंदींचा तक्ता घेऊन धावलो. म्हटलं, "डॉक्टर, अकरांत एक म्हणजे चेष्टा नाही. औषध थांबवा."

"कावीळ तिला आधीचीच असणार. तिला काढा, दुसरी घ्या. अकराचे दहा करून अपशकुन कशाला?"

काढलं कुणी? मीच. तिची अख्खी ओळ रबरानं खोडली, तक्ता नीट केला, खाली सही ठोकली. कशासाठी, तर छापील नावासाठी! थू माझ्या जिनगानीवर.

तिच्या जागी वळसंगहून मागावर येणारी एक बाई आणली. गोळी तळहातावर धरून ती बाकावर बसली होती.

"सायेब, कुणाला बाधलं तर न्हाय न्हवं?" तिनं मलाच विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी घेतलं.